कादंबरीतलं गाणं लिहून कुणी घेतलं? (त्र्यंबकजी डेंगळे, ठाण्याचा किल्ला आणि गहाळ झालेली सोळा पानं)

चरईची_वाचक

नमस्कार मंडळी. धागा दोन कारणांसाठी काढतेय. एक, मला एका कादंबरीचं नाव हवंय. दोन, आमच्या बिल्डिंगमधल्या एका आठवीतल्या मुलाने माझी बोलती बंद केलीय आणि त्याला येत्या रविवारी उत्तर द्यायचं कबूल करून बसलेय.

आधी कादंबरी. १९७४ च्या सुमारास बाबांनी जांभळी नाक्याजवळच्या एका रद्दीवाल्याकडून आणली होती. मुखपृष्ठ नाही, पहिली सोळा पानं नाहीत. सतराव्या पानावर पहिलाच शब्द 'आणि'. बाबांनी ती खाकी कापडात बांधून घेतली आणि पुठ्ठ्यावर शाईने 'ऐति.' एवढंच लिहिलं. लेखक कोण, प्रकाशक कोण, काही पत्ता नाही. मी तेव्हा नववीत होते. त्यानंतर किती मे महिने ती वाचली याचा हिशेब नाही. अजून माझ्याकडे आहे. पाठीमागे डाळीचा डाग पडलाय, तो माझाच.

कथा त्र्यंबकजी डेंगळ्याची. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा १८१५ मध्ये पंढरपुरात खून झाला. ठपका त्र्यंबकजीवर आला, इंग्रजांनी दुसऱ्या बाजीरावाकडून त्याला मागून घेतलं आणि ठाण्याच्या किल्ल्यात ठेवलं. हा किल्ला म्हणजे आपलं आजचं सेंट्रल जेल. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला आणि १७७४ मध्ये इंग्रजांच्या हाती गेलेला. पहाऱ्याला सगळे गोरे शिपाई, कारण एतद्देशीय माणूस फितेल ही धास्ती. तिथल्या एका साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार रोज घोडा फिरवताना त्र्यंबकजीच्या खिडकीखालून जायचा आणि गाणं म्हणायचा. गाण्यात निरोप. गोऱ्यांना मराठीचा गंध नाही. १८१६ च्या सप्टेंबरात त्र्यंबकजी पसार.

इथवर बरोबर आहे, हे मी शाळेच्या पुस्तकातही कुठेतरी वाचलंय. पण कादंबरीत त्या मोतद्दाराला नाव होतं, भिवा. त्याला बायको होती, पोटुशी. कोपीनेश्वराला नवस होता. आणि गाणं होतं. मला आजही तोंडपाठ आहे:

झुडपाआड तिरंदाज दडले, घोडा झाडाखाली,
रानवाट तुडवायाला कोण सोबती चाली?
पंचावन्न घोडी उभी, स्वार चोपन्न जण,
पंचावन्नावा चढला की मग हसेल रे दख्खन.

गेल्या रविवारी सोसायटीतल्या सहा मुलांना घेऊन मी 'ठाण्याचा इतिहास' दाखवायला निघाले. (आयांना दोन तास शांतता हवी होती, इतिहास हे निमित्त.) कोपीनेश्वर, तलावपाळी, तिथून खारकर आळीने जेलच्या भिंतीपर्यंत. आत जाता येत नाहीच. पलीकडच्या फुटपाथवर उभं राहून मी गोष्ट सांगितली आणि गाणं चक्क म्हणून दाखवलं. हवालदारसाहेब बघत होते. पाच मुलं बर्फाच्या गोळ्यात गुंतलेली. सहावा, दुसऱ्या मजल्यावरचा, म्हणाला,

"आजी, गोऱ्यांना मराठी येत नव्हतं ना?"

"नव्हतं."

"मग हे गाणं लिहून कुणी घेतलं?"

मी म्हटलं, लोकांच्या तोंडी राहिलं असेल.

"म्हणजे लोकांना आधीच कट माहीत होता?"

पन्नास वर्षं मी हे गाणं म्हणतेय. लग्नात उखाणा घेतला नाही, हे म्हटलं. माझ्या डोक्यात हा प्रश्न एकदाही आला नाही. वर मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते, ट्रंक कॉल जोडायचे. लाइन लागली का बघायला क्षणभर कानावर पडायचंच. तमिळ, गुजराती, सिंधी. कुणी तमिळमधून तुरुंग फोडायचा बेत केला असता तरी मी 'तीन मिनिटं झाली, वाढवायचे का?' एवढंच विचारलं असतं. म्हणजे त्या गोऱ्या शिपायाच्या जागी बसून मी नोकरी केलीय, तरी सुचलं नाही.

आता मूळ दुखणं. घरी आल्यावर मी चाचपून पाहिलं की माझ्या डोक्यातला इतिहास कुठून आलाय. थोरले माधवराव थेऊरला गेले, रमाबाई सती गेल्या. मला ते दृश्य दिसतं, आणि त्यात पाऊस पडतोय. तारीख काढली: १८ नोव्हेंबर १७७२. नोव्हेंबरात थेऊरला पाऊस कुणी पाडला? कुठल्या तरी कादंबरीकाराने, नाहीतर नाटकवाल्याने, नाहीतर मीच. शनिवारवाडा तर मी जळका चौथराच पाहिलाय, पण डोक्यातल्या वाड्यात मी डोळे मिटून जिना चढते.

तर (१) कादंबरी कुणी ओळखली का? (२) गाणं खरं की लेखकाचं? (३) तुम्ही लोक हे डोक्यात वेगळं कसं ठेवता? मला कादंबऱ्या सोडायच्या नाहीत, आधीच सांगते. मला फक्त शिवण कुठे आहे ती दिसायला हवीय.

---

घोडबंदर_ट्रॅफिक

काकू, १८१६ मध्ये पळाला म्हणून वाचला. आज पळाला असता तर मानपाड्याच्या सिग्नलला सापडला असता.

कादंबरी माहीत नाही. पण पोरगं वकील होणार हे लिहून ठेवा.

आणि सगळ्यांना विनंती, 'ध चा मा' वर कृपया जाऊ नका. त्याचे इथे बारा धागे आहेत.

---

रुमाल_दप्तर

ताई, प्रश्न क्रमांक २ चं उत्तर देता येईल. जरा लांबेल.

ही हकिकत दोन इंग्रजांनी लिहिलीय. पहिला ग्रँट डफ. हा पेशवाई बुडाल्यावर साताऱ्याला रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापला गेला. त्यात घोडेवाला आहे, खिडकी आहे, सहज गुणगुणल्यासारखं करून निरोप देणं आहे, भाषा न कळणारे गोरे आहेत. नाही ते फक्त गाणं. एक ओळसुद्धा नाही.

दुसरा बिशप हेबर. हा कलकत्त्याचा बिशप, १८२५ मध्ये मुंबई इलाख्यात फिरत आला. एल्फिन्स्टन तेव्हा मुंबईचा गव्हर्नर, आणि हेबर त्याचा पाहुणा. हाच एल्फिन्स्टन १८१५ मध्ये पुण्याला रेसिडेंट होता आणि त्र्यंबकजीला ताब्यात द्या म्हणून बाजीरावाच्या मागे लागला होता. हेबर ठाण्यालाही आला. पुढच्याच वर्षी त्रिचनापल्लीला वारला, आणि त्याची रोजनिशी १८२८ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. ठाण्याच्या पानांत तो ही गोष्ट सांगतो आणि मग आठ ओळींची इंग्रजी कविता देतो. झुडपामागे धनुर्धारी, झाडाखाली घोडा, जंगलवाटेने माझ्यासोबत कोण येईल, पंचावन्न घोडे, चोपन्न माणसं, पंचावन्नावा स्वार झाला की दख्खनला बरे दिवस.

तुमचं गाणं ते हेच. ओळीला ओळ लागते. तुमच्या कादंबरीकाराने हेबरवरून मराठी केलंय, यात मला शंका वाटत नाही.

आता गंमत अशी की हेबरसुद्धा 'हेच ते गाणं' म्हणत नाही. घोडेवाल्याचं गाणं अशा धर्तीच्या ओळींचं होतं, असं म्हणून तो कविता देतो. तो स्वतः कवी होता, चर्चमध्ये म्हणायची त्याची गीतं प्रसिद्ध आहेत. आणि त्यापुढे तो लिहितो की ही युक्ती स्कॉटलंडच्या सरहद्दीवरही शोभली असती. म्हणजे माणसाच्या कानात तिकडचे पोवाडे वाजत होते. त्याच्या कवितेत 'नाइट' हा शब्द आहे, सरदार म्हणू या. ठाण्याचा मोतद्दार नाइट म्हणेल? तिरंदाजांचंही मला तसंच वाटतं. १८१६ मध्ये बंदुका असताना झुडपाआड धनुष्यवाले कशाला?

थोडक्यात, मुलाला सांगा: लिहून कुणीच घेतलं नाही. नऊ वर्षांनी एका पाहुण्याने ऐकीव गोष्टीवर रचलं.

प्रश्न ३ बद्दल माझी पद्धत. वर्तकनगरला राहतो, गेली चार वर्षं मोडी शिकतोय. कादंबरी वाचली की त्या काळातला एक तरी अस्सल कागद वाचायचाच. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी जमवलेल्या जुन्या कागदपत्रांचा, 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा, पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, पानिपतच्या आधीच्या दहा-बारा वर्षांतली पत्रं. सरदेसायांनी पेशवे दफ्तरातून निवडलेले ४५ खंड आहेत. कंटाळवाणं वाटेल. अर्धी पत्रं पैसे पाठवा, धान्य पाठवा, जाब का येत नाही यावरच. पण दहा पत्रांनंतर कान तयार होतो. त्या माणसांच्या बोलण्याची लय कळते, आणि मग कादंबरीतला पेशवा 'मी तुझ्यावर प्रेम करतो' म्हणाला की पुस्तक आपोआप मिटतं.

---

चरईची_वाचक

रुमालभाऊ, एवढं मन लावून लिहिलंत, आभार. पण वाचून पोटात गोळा आला खरा.

म्हणजे मी जेलसमोर उभी राहून, हवालदारासमोर, एका इंग्रज पाद्र्याची कविता 'आपलं गाणं' म्हणून गायले. आणि भिवा?

---

रुमाल_दप्तर

नाव कुठेच नाही, ताई. डफकडे नाही, हेबरकडे नाही. साहेबाच्या घोड्याचा मोतद्दार, बस. त्र्यंबकजीची मात्र पुढची हकिकत आहे. १८१८ मध्ये पुन्हा पकडला, काशीजवळ चुनारच्या किल्ल्यात ठेवला, तिथेच १८२९ मध्ये वारला. हेबर १८२४ मध्ये चुनारला जाऊन त्याला पाहूनही आला होता. म्हणजे आधी कैदी पाहिला, मग त्याचा जुना तुरुंग.

---

पुराव्यानिशी

यासाठीच म्हणतो, ऐतिहासिक कादंबरी हा प्रकारच बंद करा. एक तर इतिहास लिहा नाहीतर परीकथा. 'गड आला पण सिंह गेला, म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला' हे शेंबडं पोरही सांगतं. तानाजी मालुसरे पडले ४ फेब्रुवारी १६७० ला, आणि १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव आहे. सात वर्षं आधी! लोकांना सांगून बघा, मारायला धावतात. हे कुणी केलं? कादंबरीकारांनी आणि पोवाडेवाल्यांनी. तुमच्या लेखकाने बिशपचं गाणं उचललं आणि वाचकाला पत्ता लागू दिला नाही. सरळ भाषेत याला फसवणूक म्हणतात.

---

खाडीकाठचा

पुराव्यानिशी साहेब, जरा हळू. रुमालभाऊंनाही एक सांगायचंय.

आधी तिरंदाज. त्र्यंबकजी पळाल्यावर त्याने माणसं कुठली गोळा केली? भिल्ल, रामोशी, मांग. हे तुमचा डफच लिहितो. भिल्लांकडे तिरकमठा होता ना? मग झुडपाआड तिरंदाज असायला काय हरकत आहे? बिशपने स्कॉटलंडवरून घेतला असेल किंवा सांगणाऱ्याने खरंच तसं सांगितलं असेल. 'नाइट' त्याचा, हे मान्य. तिरंदाज इतक्या घाईने त्याच्या खात्यात टाकू नका.

दुसरं. मी करावे गावचा, म्हणजे नेरुळच्या पोटातलं गाव. नवी मुंबईतल्या मित्रांना तिथे गाव आहे हे सांगावं लागतं. आम्ही आगरी. आमच्यात लग्नाला धवलारीण लागते. धवले गाते, आणि तिचं गाणं नुसतं गाणं नसतं, लग्नाचा विधी तिच्या गाण्याने पुढे सरकतो. माझी आत्या गायची. तिला सही येत नव्हती. कुठली ओळ कुठल्या पिढीत शिरली, तिला विचारलं तर म्हणायची, 'माज्या आयशीनं गायली, मी गाते.' झाला पुरावा.

आता घरातलीच गोष्ट. १९८४ च्या जानेवारीत सिडकोच्या जमिनीच्या प्रश्नावर उरण-जासईकडे आंदोलन झालं, दि. बा. पाटील नेते. १६ आणि १७ तारखेला गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के जमीन परत देण्याची योजना पुढे त्यातूनच आली. माझा काका त्या गर्दीत होता. मी लहानपणापासून दर जानेवारीत ऐकत आलो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काका लांब रस्त्यावर होता आणि त्याला फक्त आवाज आला होता. मी कॉलेजात गेलो तोवर तो गर्दीच्या मध्यावर पोचला. माझ्या लग्नाच्या वर्षी गोळी त्याच्या कानाजवळून गेली. दरवर्षी एक पाऊल पुढे. काका वारल्यावर काकी म्हणाली, त्या दिवशी तो तापाने घरात पडून होता, तिने स्वतः पेज पाजली.

मी चिडलो होतो. फार चिडलो. मग लक्षात आलं की काका जे सांगायचा, रस्त्यावर कोण कुठे होतं, बायका पुढे कशा होत्या, कुणाच्या अंगावर काय होतं, ते सगळं दुसऱ्यांकडून ऐकून बरोबर आलं होतं. मी नंतर चार जणांना विचारून पडताळलं. त्यात खोटी गोष्ट एकच, तो स्वतः. आता सांगा, काकाला कुठल्या कपाटात ठेवू? कादंबरीच्या की इतिहासाच्या?

चरईच्या मावशी, तुमच्या भिवाचं गाणं बिशपने बिघडवलं असेल, पण त्याने ऐकलं नसतं तर डफच्या एका वाक्यापलीकडे काही उरलं नसतं. लिहिता न येणाऱ्या माणसाचं असंच होतं. जो लिहून घेतो त्याच्या चालीत गावं लागतं.

---

रुमाल_दप्तर

तिरंदाजांबद्दल तुमचं म्हणणं पटलं. भिल्ल माझ्या डोक्यातच आले नाहीत. विधान मागे.

काका लाजवाब.

---

पुराव्यानिशी

काकांबद्दल आदर आहे, पण मुद्दा तोच राहतो. काकांनी पुस्तक छापलं नाही. कादंबरीकाराने छापलं.

---

घोडबंदर_ट्रॅफिक

माझे आजोबा पहिल्या रेल्वेची गोष्ट अशी सांगायचे की जणू बोरीबंदरहून निघालेल्या त्या चौदा डब्यांत खिडकीची जागा त्यांची होती. गाडी १६ एप्रिल १८५३ ची. आजोबांचा जन्म १९२१ चा.

काकू, रविवारी काय झालं ते कळवा.

---

चरईची_वाचक

कळवते. उशीर झाला, मध्ये दोन दिवस नेट नव्हतं आणि एक दिवस गुडघा नव्हता.

पुराव्यानिशी भाऊ, तुमचा 'फसवणूक' हा शब्द मला शुक्रवारपर्यंत पटला होता. खरं सांगते, लेखकाचा राग आला होता. रमाबाईंचा पाऊस एक वेळ सोडून दिला, तो बहुधा माझाच. पण गाण्याचं काय? पन्नास वर्षं ज्याच्यावर विसंबले त्याने मला एका अक्षराने सांगू नये?

शनिवारी पुस्तक पिशवीत घालून मराठी ग्रंथ संग्रहालयात गेले. १८९३ पासूनचं ग्रंथालय आहे, वि. ल. भाव्यांनी मंडळी जमवून उभं केलेलं. म्हटलं, इथे नाही ओळखलं तर कुठेच नाही. काउंटरवरच्या बाईंनी पुस्तक उलटसुलट केलं, वास घेतला (ग्रंथालयातली माणसं हे का करतात?), टाइप बघून म्हणाल्या, स्वातंत्र्याच्या आधीचं वाटतं. मग सहज म्हणाल्या, "प्रस्तावना बघा की. खाली नाव असतंच. ऐतिहासिक म्हटल्यावर कुठून काय घेतलं तेही लिहितात."

मी म्हटलं, प्रस्तावना नाहीये, सोळा पानं गेलीत.

आणि तिथेच, पिशवी हातात घेऊन, उभी राहिले. सोळा पानं म्हणजे एक फर्मा, छापखान्यात एकत्र छापून दुमडलेला एक गठ्ठा. त्या फर्म्यात काय असतं? शीर्षक, अर्पणपत्रिका, प्रस्तावना आणि पहिलं प्रकरण. माझ्या लेखकाने कदाचित तिसऱ्या पानावरच लिहून ठेवलं असेल की बाबांनो, गाणं हेबरसाहेबाचं, मराठी माझं, आणि भिवा माझ्या मनातला. शिवण त्याने दाखवलीही असेल. ती रद्दीवाल्याकडे उसवली. किंवा लिहिलं नसेलही. पण सोळा पानं न वाचता त्याला चोर ठरवायला मी निघाले होते, ते आता जमेना.

रविवारी मुलगा आला. मी जेवणाच्या टेबलावर तीन कागद मांडले. लेकीने डफ आणि हेबरची पानं इंटरनेटवरून छापून दिली होती, तिसरं माझं खाकी पुस्तक. हेबरचं इंग्रजी दोनशे वर्षांपूर्वीचं, आम्ही दोघांनी डिक्शनरी घेऊन लावलं. त्याला 'कोर्सर' अडला, मलाही. घोडाच निघाला. डफमधलं वाक्य त्याने तीनदा वाचलं आणि म्हणाला, "याच्यात गाणं नाही, पण गाणं होतं असं आहे." मग हेबर बघून म्हणाला, "याच्यात गाणं आहे, पण तेच होतं असं नाही."

मी त्याला खाडीकाठच्या काकांची गोष्ट सांगितली. (परवानगी न घेता सांगितली, भाऊ, राग मानू नका.) तो खूप हसला आणि लगेच म्हणाला, "म्हणजे भिवा होताच. फक्त भिवा नव्हता."

मग त्याला भिवाच्या बायकोचं काय झालं ते हवं होतं. मी सांगितलं की पान १४२ वर तिला मुलगा होतो, नाव त्र्यंबक ठेवतात. हे शंभर टक्के लेखकाचं. त्याला ते आवडलं नाही. म्हणाला, फार सोयीचं आहे. खरंय, नववीत मी तिथे रडले होते, परवा वाचताना मलाही ते साखरेत घोळल्यासारखं वाटलं. पण त्याच्या आधीच्या पानावर एक वाक्य आहे. भिवा घोड्याला खरारा करतोय, खिडकीत हालचाल नाही, तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो, कारण वरच्या माणसाने ऐकलं की झोपलाय हे त्याला कळायला मार्ग नाही. हे ना डफकडे आहे, ना हेबरकडे. कुठल्या दफ्तरात सापडायचं नाही. पण रोज खिडकीखालून गाणाऱ्या माणसाला ही भीती वाटली नसेल, असं मला कुणी सिद्ध करून दाखवावं.

मुलगा पुस्तक घरी घेऊन गेलाय. डाळीच्या डागाबद्दल त्याला आधीच सांगून ठेवलं, नाहीतर आई त्याला बोलेल.

तर प्रश्न क्रमांक १ अजून उभा आहे. ऐतिहासिक कादंबरी, विषय त्र्यंबकजी डेंगळे, पानं २६४, जुना जाड टाइप, मोतद्दाराचं नाव भिवा. पान १७ असं सुरू होतं: 'आणि पाऊस थांबेना, तेव्हा तो उठला.' कुणाच्या घरी, माळ्यावर, गावच्या वाचनालयात असेल तर अख्खं पुस्तक नको. पहिल्या सोळा पानांचे फोटो टाका.